लाल ठिपक्याच्या अलीकडे

कानात काही घातलेलं माणूस आपल्यातून उठून गेलं, असं लोक धरूनच चालतात. कोल्हापुरात केएमटीच्या बसमध्ये शेजारी बसलेली बाई 'बिंदू चौक आला का' हे मला न विचारता पुढच्या सीटवर वाकून विचारते. ऑफिसात नवीन लागलेली पोरं आधी माझ्या कानाकडं बघतात आणि फाईल टेबलावर ठेवून न बोलता जातात. त्यांचं काही चुकत नाही. पण आमच्या घरात हेडफोन आला तो नेमका उलट्या कामासाठी. घरात असून नसल्यासारखा झालेला एक माणूस पुन्हा बोलता व्हावा म्हणून तो आला. तो माणूस म्हणजे माझे वडील, आमचे आबा. आणि तो आणणारे होते लक्ष्मीपुरीतले रेडिओ दुरुस्त करणारे नाना.

नाना आमचे कुणी लागत नव्हते. आडनाव वेगळं, पेठ वेगळी. त्यांची आणि आबांची ओळख तालमीतली, आणि कोल्हापुरात तालमीतलं नातं भावकीपेक्षा चिवट असतं. दोघांनीही कुस्तीत काही दिवे लावले नाहीत. पण एकाच लाल मातीत लोळल्यामुळं एकमेकांना 'लगा' म्हणायचा हक्क दोघांनी मरेपर्यंत वापरला.

नानांचं दुकान म्हणजे दोन मोठ्या दुकानांच्या मधे उरलेली जागा. आत एक बाकडं, एक साठचा बल्ब, सोल्डरिंगच्या राळेचा वास आणि भिंतभर फळ्यांवर बंद पडलेले रेडिओ नि टेपरेकॉर्डर. प्रत्येकाला दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधलेली. चिठ्ठीवर तीन रकाने: नाव, तक्रार, दर. तक्रारीच्या रकान्यात गिऱ्हाईक जे म्हणालं तेच शब्द नाना जसेच्या तसे लिहायचे. 'घसा बसलाय.' 'मधेच रुसतो.' 'सांगली लागतं, पुणं लागत न्हाई.' शाळेतून येताना त्या चिठ्ठ्या वाचायला मी तिथं थांबायची. आठवी-नववीत असेन, म्हणजे १९८५च्या आसपासची गोष्ट.

आबा उद्यमनगरात फेटलिंगला होते. साच्यातून निघालेल्या कास्टिंगच्या कडेला जादा बीड राहिलेलं असतं. ते छिन्नी-हातोडीनं उडवायचं आणि मग ग्राइंडर फिरवून कडा साफ करायची, हे फेटलिंग. शाळेची पायरी फारशी न चढलेल्या मेस्त्र्यांनी ऑइल इंजिनं घडवली, ते हे उद्यमनगर. पुढं शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसी उभ्या राहिल्या आणि निम्म्या जिल्ह्याची चूल त्यावर पेटली. त्या चुलीची किंमत काही जणांनी कानांनी मोजली. आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमात आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा आहे. ग्राइंडर बिडाला लागला की आवाज ती सहज ओलांडतो. आबांच्या उमेदीच्या काळात कानावर लावायचे मफ कुणी बघितलेलेसुद्धा नव्हते. कापसाचे बोळे घालायचे, आणि मेस्त्री काय सांगतोय ते कळत नाही म्हणून काढून खिशात टाकायचे.

असा जाणारा कान एका दिवसात जात नाही, म्हणून घरात कुणाच्या लक्षात येत नाही. आधी आईला वाटलं, हे मुद्दाम करतात. मग गल्लीला वाटलं, ह्यांना शिष्टपणा आलाय, हाकेला ओ देत नाहीत. आबा स्वतः काहीच म्हणाले नाहीत. ते फक्त हळूहळू बोलायचे थांबले. जेवताना मान खाली, जेवण झालं की अंगणात. कुणी काही विचारलं तर हसून मान हलवायची, मग प्रश्न 'भाजी वाढू का' असो की 'तुमचा भाऊ कसा आहे' असो.

कानाच्या डॉक्टरांनी तपासून कागदावर आलेख काढून दिला. चार हजार हर्ट्झच्या आसपास रेघ एकदम खाली गेली होती. गोंगाटानं जाणारा कान बहुधा तिथूनच जायला सुरुवात होते. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, मशीन लावा. खिशात ठेवायच्या डबीचं, वायरचं मशीन कर्ज काढून आणलं. पण ते सगळंच मोठं करायचं. भांडं पडलं तरी आबा दचकायचे आणि आईचं बोलणं होतं तसंच अस्पष्ट राहायचं. महिन्याभरात ती डबी कपाटात गेली.

ते मशीन विकलं जाईल का हे विचारायला आबा नानांकडं गेले, सोबत मी. नानांनी मशीन बाजूला ठेवलं आणि तोंडापुढं वर्तमानपत्र धरलं, ओठ दिसू नयेत म्हणून. पलीकडून म्हणाले, "आई." आबा म्हणाले, "आई." मग नाना म्हणाले, "साखर." आबा म्हणाले, "आखर?" नाना म्हणाले, "पीठ." आबा जरा थांबले, म्हणाले, "ईट." असं बराच वेळ चाललं. मला आधी हसू येत होतं, मग येईना. नानांनी पेपर खाली ठेवला.

"लगा, तुझं घर पडलं न्हाई. वरचा मजला गेलाय. खालचं शाबूत हाय."

ते किती अचूक होतं हे मला फार पुढं कळलं. बोलण्यातले स, श, त, क, ठ हे आवाज बारीक, उंच कंपनांचे असतात. अ, आ, ई, ऊ हे स्वर त्यामानानं खालचे आणि दणकट. ग्राइंडरनं आबांची व्यंजनं नेली होती, स्वर ठेवले होते. म्हणून कुणीतरी बोलतंय हे त्यांना कळायचं, काय बोलतंय हे कळायचं नाही. आणि आपण काय करतो, तर अशा माणसापुढं ओरडतो. ओरडल्यानं 'आ' मोठा होतो, 'स' तिथंच राहतो.

नानांनी कपाटाच्या वरच्या फळीवरून एक मोठा हेडफोन काढला, आबांच्या डोक्याला चढवला आणि एक कॅसेट लावली. आधी सिनेमाचं गाणं. आबा म्हणाले, चाल कळते, शब्द नाहीत. मग नानांनी दुसरी कॅसेट घातली. मल्लिकार्जुन मन्सूर होते. आबा गप्प बसले. बाकड्यावर ठेवलेला त्यांचा पंजा हलायला लागला. बऱ्याच वेळानं ते नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात म्हणाले, "हे सगळं कळतंय."

त्या दुपारी नानांना जे उमगलं होतं त्यावर मी आजही विचार करते. मन्सूर ज्या घराण्याचे, त्या जयपूर-अत्रौलीची गायकी आकारावर उभी आहे. मोकळा, छातीतून आलेला 'आ', लयीला घट्ट बांधलेला, वळणावळणानं जाणाऱ्या तानांतही न तुटणारा. शब्द तिथं आहेत, पण गाण्याचा भार स्वरावर आहे. व्यंजनं गमावलेल्या माणसाला सिनेमाचं गाणं अर्धं मिळत होतं आणि हे गाणं जवळजवळ पुरं. आबा काही शास्त्रीय संगीतातले नव्हते. पेठेतल्या भजनी मंडळात टाळ धरणं एवढीच त्यांची पुंजी. गाण्याच्या बाबतीत हे सगळ्यात अवघड घराणं समजतात, आणि ते माझ्या बापाला सोपं गेलं, कारण त्याच्याकडं जेवढा कान उरला होता तेवढ्यात ते मावत होतं.

महिन्याभरानं नाना स्वतः घरी आले. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात त्यांनी एक यंत्र बसवलं होतं. आत 'टीबीए ८१०' हे तेव्हा टेपरेकॉर्डरमध्ये सर्रास मिळणारे दोन आयसी; घूं असा हम येऊ नये म्हणून ट्रान्सफॉर्मर वेगळा, वायरीनं लांब ठेवलेला. डब्याच्या तोंडाला हेडफोनची दोन भोकं आणि प्रत्येकाला आवाजाचं वेगळं बटण. आबांच्या बाजूला बारीक आवाज थोडे वर उचललेले. सोनीचा पहिला वॉकमन १९७९ साली निघाला तेव्हा त्यालाही दोन हेडफोन लावायची सोय होती, एकट्यानं ऐकणं लोकांना उद्धटपणाचं वाटेल या भीतीनं. नानांना हे ठाऊक होतं की नाही कोण जाणे. त्यांचं कारण साधं होतं: "एकटाच ऐकत बसला तर पुन्हा अंगणातच बसल्यासारखं हाय. पोरगी बसंल जोडीला."

आबांच्या बटणावर नेलपॉलिशचा लाल ठिपका होता. तिथपर्यंतच फिरवायचं.

"आणि ठिपक्याच्या पुढं काय हाय?" आबांनी विचारलं.

"पुढं तुझा उरलेला कान हाय. तो मला ऱ्हाऊ द्यायचाय."

माझ्या बटणाला ठिपका नव्हता. मी विचारल्यावर नाना म्हणाले, "तुझा ठिपका तुझी आई. ती सैपाकघरातनं साध्या आवाजात हाक मारंल. ऐकाय आली न्हाई, की वलांडलास म्हणायचं." आईनं त्याच दिवसापासून हे काम मनावर घेतलं.

डब्यालाही दुकानातली चिठ्ठी बांधलेली होती. नाव: आबांचं. तक्रार: 'हाक पोचत न्हाई.' दराचा रकाना कोरा होता आणि तो कोराच राहिला. आबांनी फार आग्रह केला तेव्हा नाना म्हणाले, सोल्डरिंगची इस्त्री ठेवायला काहीतरी जड पाहिजे, नेहमी घरंगळते. आबांनी फाउंड्रीत सवडीनं बिडाचा एक स्टँड ओतून, हातानं घासून दिला. तो एवढा जड झाला की नाना तो हलवायचेच नाहीत. त्याच्याभोवती दुकान लावायचे. माझ्या बघण्यात या दोघांत झालेला आर्थिक व्यवहार तेवढाच.

शनिवारी रात्री साडेनऊला आकाशवाणीचा संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम लागायचा. १९५२पासून चालत आलेला तो कार्यक्रम आमच्याकडं सणासारखा पाळला जाऊ लागला. नाना येताना दोन रिकाम्या कॅसेटी आणायचे. रेडिओतून वायर काढून टेपला जोडलेली, टेपमधून डब्याला, डब्यातून दोन हेडफोन. आबा आणि मी ऐकायचो. नाना रेडिओच्या मूळ आवाजावर, सुई सरकू नये म्हणून बटणावर बोट ठेवून. आबा मधेच मोठ्यानं सांगायचे, "डग्गा येतोय, चाट येत न्हाई." म्हणजे तबल्याच्या जोडीतला जाड आवाज पोचतोय, काठावरचा बारीक नाही. तरी त्या एका डग्ग्यावर ते सम पकडायचे, आणि पकडली की माझ्या गुडघ्यावर थाप पडायची. मला राग ओळखायला नानांनी शिकवलं असेल, पण सम ओळखायला मी आबांच्या थापेवरून शिकले.

कार्यक्रम संपला की दोघं भांडायचे. हा राग कुठला, कालच्या बाईंनी अंतरा का आखडता घेतला, मन्सूर एवढे छोटे राग का गातात. कित्येक महिने ज्या घरात 'हूं'च्या पुढं बोलणं गेलं नव्हतं, तिथं रात्री अकराला आबा तावातावानं बोलत होते. नानांचं उत्तर त्यांना निम्मं कळत नसे. पण आता ते 'काय?' असं विचारायला लाजत नव्हते. मला वाटतं, नानांनी दुरुस्त केलं ते हे. कान कुणालाच दुरुस्त करता आला नसता.

अल्लादिया खाँसाहेबांचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते याच भांडणांत. १८५५ साली राजस्थानात जन्मलेला हा गवई शाहू महाराजांच्या दरबारी कोल्हापुरात आला, महाराज १९२२ साली जाईपर्यंत राहिला आणि मग मुंबईला गेला. तरुणपणी एका दरबारात अतोनात गावं लागून त्यांचा आवाज बसला होता. परत आला तो पहिला राहिला नव्हता, आणि जो उरला होता त्याला पेलेल अशी गायकी त्यांनी घडवली, असं सांगतात. नाना हे सांगताना आबांकडं बघत नसत. मुद्दाम बघत नसत, हे मला नंतर कळलं.

गंमत अशी की ज्या माणसापासून हे घराणं सुरू झालं त्यांच्या गाण्याची तबकडीच नाही. १९४६ साली ते वारले. तोवर ग्रामोफोनचा धंदा भरभराटीला येऊन गेला होता, तरी त्यांचा आवाज कुठल्या यंत्रात बसला नाही. तो ऐकायचा तर दुसऱ्यांच्या गळ्यातून. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, त्यांची मुलगी किशोरीताई. मन्सूर, जे खाँसाहेबांचे पुत्र मंजी खाँ यांच्याकडं शिकले आणि १९३७ साली ते गेल्यावर धाकटे भूर्जी खाँ यांच्याकडं. कोल्हापूरच्याच धोंडूताई कुलकर्णी, ज्या भूर्जी खाँकडं शिकल्या आणि पुढं केसरबाईंच्या शिष्या झाल्या. नाना ही नावं एका दमात म्हणायचे आणि शेवटी आबांना सांगायचे, "खाँसायबाचं रेकॉर्डिंग न्हाई, पर मेमरी केवढी बघ." केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली याचं त्यांना फार कौतुक होतं. त्यांची काळजी एवढीच, तिकडं कुणाला सापडलीच तर जॅक कुठल्या मापाचा असेल?

जॅक हा नानांचा जिव्हाळ्याचा विषय. त्यांनीच मला सांगितलं की हेडफोनची ही मोठी पिन मूळची टेलिफोन एक्स्चेंजची. ऑपरेटर बाई कानाला लावून बसायची, कुणाची हाक आली की दोरीची पिन भोकात घालून पलीकडच्या माणसाला जोडून द्यायची. पुढं अमेरिकेत १९१०च्या सुमाराला नॅथॅनिएल बाल्डविननं नौदलाच्या वायरलेससाठी कानावर बसणारे संच बनवले. तेही दूरची हाक टिपायलाच. गाणं ऐकायला म्हणून स्टिरिओ हेडफोन आला तो १९५८ साली, जॉन कॉसचा. म्हणजे ही वस्तू जन्मली ती हाक ऐकायला. गाणं तिच्यात मागाहून राहायला आलं. नानांनी मला घातलेली आईच्या हाकेची अट मला तेव्हा अट वाटायची. आता ती त्या वस्तूच्या स्वभावाला धरूनच होती असं वाटतं.

सुट्टीत मी दुकानात बसायला लागले ती तिथूनच. हेडफोनची वायर बहुतेक वेळा पिनेच्या अगदी बुडाशी तुटते, कारण आपण पिन धरून ओढायच्या ऐवजी वायर धरून ओढतो. तिथं ती कापायची. आतून केसासारख्या तारा निघतात: एक लाल, एक हिरवी, एक उघड्या तांब्याची. लाल-हिरव्याला रंग दिसतो ते लाखेचं आवरण असतं. ते जाळल्याशिवाय डाग धरत नाही. इस्त्रीच्या टोकावर राळेसकट सोल्डरचा थेंब घ्यायचा, तार त्यात बुडवायची, धूर निघाला की ती चकचकते. मग पिनेच्या टोकाला डावा कान, मधल्या कड्याला उजवा, बुडाला दोघांची अर्थिंग. एका दमात, फुंकर न मारता. फुंकर मारली की डाग वरून बसलेला दिसतो, आत सुटा राहतो.

एकदा एक कॉलेजातली पोरगी रडकुंडीला येऊन आली. वॉकमनमध्ये बाकी सगळं वाजतंय, फक्त लताबाई नाहीत! बासऱ्या आहेत, व्हायोलिनं आहेत, बाई गायब. मला वाटलं कॅसेट खराब. नानांनी पिन नुसती हातात घेतली आणि म्हणाले, अर्थिंग तुटलीय. दोन्ही कानांची सामाईक तार तुटली की दोन्ही बाजूंना जे सारखं असतं ते एकमेकाला खाऊन टाकतं आणि जे वेगळं असतं तेवढंच ऐकू येतं. गाणारा माणूस नेहमी मधोमध ठेवलेला असतो, दोन्हीकडं सारखा. म्हणून तो पहिला जातो. त्याच पिनेवर केसरबाईंची जुनी तबकडी लावली असती तर काहीच आलं नसतं, कारण तेव्हाचं ध्वनिमुद्रण एकपदरी, डावं-उजवं एकच. नानांनी डाग दिला, लताबाई परत आल्या, पोरगी हसत गेली. जाताना पैसे द्यायचे विसरली. नानांनी चिठ्ठीवर दराच्या रकान्यात लिहिलं, 'हसली.'

शास्त्रीय गाणं काम करता करता ऐकू नये, मांडी घालून, समोर बसून ऐकावं असं म्हणणारे जाणकार आमच्या गावात पुष्कळ. देवल क्लबच्या वारशाचं गाव आहे हे. इथं श्रोत्यालाही घराणं असतं. एका गृहस्थांनी दुकानात नानांना तसं सुनावलंही होतं. नाना त्यांच्या रेडिओचा कंडेन्सर बदलत होते. मान वर न करता म्हणाले, "हाताला काम असलं की मन कानात येतंय बघा. रिकामं बसलं की ते गावभर फिरतंय."

मी पुढं हिशेबाच्या नोकरीत आयुष्य काढलं आणि या वाक्यावर जगले. मार्चअखेरीचे ताळेबंद मी विलंबित ख्यालावर जुळवते. एकेका आवर्तनात एकेक पान सरकतं, समेला आले की बेरीज तपासून घेते. भाकरी थापताना द्रुत लागतं. रंकाळ्यावर सकाळी चालताना किशोरीताईंचा भूप. त्या ध्वनिमुद्रिकेच्या दुसऱ्या बाजूला बागेश्री आहे, ती रात्री भांडी आवरताना. बसमध्ये मन्सूर, कारण त्यांचा राग एका फेरीत पुरा होतो आणि स्टॉपच्या आधी भैरवीला पोचवत नाही. यातल्या एकाही वेळी मी एकटी नसते. गाणाऱ्यामागं तानपुरा धरून बसलेलं कुणीतरी असतं, ज्याचं नाव वेष्टणावर नसतं. ते ध्वनिमुद्रित करणारं, रेडिओवरून पाठवणारं, सुईवर बोट ठेवून बसलेलं कुणीतरी असतं. हेडफोनमध्ये एवढी गर्दी असते, ही गोष्ट बाहेरून बघणाऱ्याला दिसत नाही.

आबा शेवटपर्यंत ठिपक्याच्या अलीकडं राहिले. गणपतीच्या मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंती यायला लागल्या तेव्हा त्यांना तो आवाज आवडायचा. छातीत वाजतो, कान लागत नाही. नाना त्यांना दंडाला धरून गल्लीत ओढायचे. "बिनपगारी फेटलिंग कशाला करतोस लगा!" जागतिक आरोग्य संघटना आता सांगते की ८० डेसिबलच्या आवाजात आठवड्याला ४० तास ऐकणं ठीक, त्याहून मोठ्यानं ऐकायचं तर वेळ कमी करा, जगातल्या शंभर कोटींहून जास्त तरुणांचे कान धोक्यात आहेत. फोनही हल्ली आठवड्याचा हिशेब काढून इशारा देतो. माझ्या फोनवर तो इशारा कधी आलेला नाही. आईच्या हाकेनं लावलेली सवय फोनच्या आधीची आहे.

आबा गेल्यावर काही वर्षांनी नानांनी दुकान बंद केलं. कॅसेट संपली होती, रेडिओ मोबाईलमध्ये गेला होता, दुरुस्तीला येत होते ते रिमोट आणि चार्जर. ते मुलाकडं पुण्याला राहायला गेले. बिडाचा स्टँड न्यायचा नाही असं मुलानं ठरवलं होतं. नाना म्हणाले, मग मीही येत नाही. स्टँड गेला. मी एकदा भेटायला गेले तेव्हा बिनवायरीचे इअरबड घेऊन गेले, भीमपलास लावून दिला. त्यांनी नीट ऐकलं, मान हलवली, मग कानातून काढून चष्मा लावून उलटसुलट बघायला लागले.

"ही उघडायची कुठनं?"

"उघडत नाही नाना."

"स्क्रू?"

"नाही."

"बिघडल्यावर?"

"टाकून द्यायची."

त्यांनी दोन्ही बड डबीत ठेवले, झाकण दोनदा लावून-उघडून बघितलं, त्याचा चटकन बसणारा आवाज त्यांना आवडला असावा. डबी माझ्या हातात देत म्हणाले, "ऐकाय झकास हाय. पर हिच्यासंगं संसार हुणार न्हाई." ती आमची शेवटची भेट.

त्यांचं देणं फेडायचा प्रश्न आबांनी बिडाच्या एका स्टँडवर मिटवला होता. मला ते तितकं सोपं गेलं नाही. वायरी जोडून द्यायची विद्या त्यांनी दिली, तर आता वायरीच उरल्या नाहीत. गल्लीतली पोरं बिघडलेले बड घेऊन येतात, मी हात जोडते. राग ओळखायला शिकवावं तर भाच्याला त्याची आवड नाही, तो दिवसभर रॅप ऐकतो आणि मला ते ऐकवून बाजू पटवायचा प्रयत्न करतो. ठेक्यात दम आहे, हे मी मान्य केलंय. शब्दांच्या त्या माऱ्यात निम्मी व्यंजनं आहेत हेही मी त्याला सांगितलंय. ती ऐकू येणारा वरचा मजला किती नाजूक असतो, आणि त्याच्या आजोबांचा कसा गेला, तेही.

तो सध्या शिरोलीला एका फाउंड्रीत ट्रेनी आहे. तिथं आता कानाला मफ देतात आणि तो घालतो की नाही हे मी त्याच्या सुपरवायझरला फोन करून विचारते, याचा त्याला प्रचंड राग येतो. घरी आल्यावर त्याचे बड कानात असतात. काढ म्हणून मी कधी सांगत नाही. पण आमच्या घरात जेवायची हाक एकदाच मारली जाते, साध्या आवाजात, स्वयंपाकघरातून. परवाच्या रविवारी त्याला ती ऐकू गेली नाही. तांबडा रस्सा संपला होता आणि पांढऱ्याचं भांडं मी त्याच्यासमोर पुसून घेतलं. या रविवारी मी हाक मारायच्या आधीच तो पाटावर येऊन बसला. मी म्हटलं, हे चालायचं नाही. त्याला परत खोलीत पाठवलं, बड घालायला लावले आणि मग हाक मारली.